बागेच्या कोपऱ्यात मांडव आणि कट्टा: खड्ड्यापासून वेलापर्यंत

चार खांब, वर पट्ट्या, त्यांवर वेल आणि खाली बसायला कट्टा. हल्ली याला सगळे पर्गोला म्हणतात. आमच्या भागात द्राक्षबागांमुळे मांडव हाच शब्द तोंडात बसलेला आहे, म्हणून इथेही तोच वापरते. आमचं घर सांगली-मिरजेच्या काळ्या मातीत आहे आणि आज बागेच्या नैऋत्य कोपऱ्यात उभा आहे तो आमचा दुसरा मांडव.

पहिला निलगिरीच्या खांबांचा होता. खांबांना खाली डांबर फासलं आणि ते दोन फूट खोल थेट मातीत गाडले. दुसरा पावसाळा सरला तेव्हा पश्चिमेचा एक खांब चार बोटं कलला होता. चौथ्या उन्हाळ्यात त्याच्या बुंध्याशी अंगठ्याने दाबून पाहिलं, तर डांबराचा पापुद्रा शाबूत होता आणि आत लाकडाच्या जागी वाळवीने भरलेली भुसभुशीत माती होती. खांब फक्त त्या पापुद्र्यावर उभा होता. पण तो पाडायचं ठरलं ते केवळ वाळवीमुळे नाही. चार वर्षांत त्या मांडवाखाली उन्हाळ्यातल्या संध्याकाळी पाचला कोणी बसू शकलं नव्हतं. डोक्यावर सावली होती, पण ऊन समोरून मांडीवर यायचं. पावसाळ्यातही तेच, डोकं कोरडं आणि गुडघे भिजलेले.

हा लेख लिहिण्याचं कारण तेच. मांडव म्हटलं की सगळा विचार आणि खर्च छपरावर होतो, पण बसण्याजोगा आडोसा मिळतो तो बाजू सांभाळल्याने, आणि आपल्याकडे बाजू म्हणजे मुख्यतः पश्चिम.

१. आधी मे महिन्यात कोपऱ्यात जाऊन बसा

काम दिवाळीनंतर काढा, पण जागा मे महिन्यात ठरवा. आम्ही दुसऱ्या वेळी कोपऱ्यात चार बांबू रोवले आणि आईची जुनी नऊवारी दुहेरी करून वर ताणून बांधली. खाली खुर्ची टाकून आठवडाभर रोज दुपारी तीन ते सहा तिथे बसत होते. पावणेचारच्या सुमारास साडीच्या पश्चिम काठाखालून उन्हाची एक पट्टी आत यायची, पायांवरून चढत मांडीवर, मग छातीवर. पावणेसहाला सूर्य आमच्या ५ फुटी कुंपणभिंतीआड गेला की संपायची. म्हणजे त्रास दोन तासांचा, आणि तो भिंतीचा माथा आणि छपराचा काठ यांमधल्या अडीच-तीन फुटांच्या फटीतून. कागदावर नकाशा काढून हे कळलं नसतं.

याच आठवड्यात आणखी गोष्टी पाहून घ्या. वरून वीजवाहिनी जाते का? जमिनीखाली पाण्याची लाइन, शोषखड्डा, सांडपाण्याचा पाइप कुठे आहे? डोक्यावर नारळ असेल तर तो कोपरा सोडाच, फळाइतकीच वाळकी झावळीही धोक्याची. शेवग्याची फांदी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मोडते, तेव्हा तोही नको. पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर पडा आणि कोपऱ्यात पाणी साचतं का ते बघा. साचत असेल तर मांडवाआधी निचऱ्याचं काम करावं लागेल.

२. परवानगी आणि कागद

आपल्याच आवारात आहे, मग कोणाला विचारायचं, असं वाटतं. तरी विचारा. वर नुसत्या उघड्या पट्ट्या असतील तर गोष्ट वेगळी आणि पत्रा किंवा शीट टाकलं तर वेगळी. छप्पर झाकलं की ते शेड धरलं जाऊ शकतं. नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायत, जे तुमच्याकडे लागू असेल तिथल्या बांधकाम विभागात जाताना हे बरोबर ठेवा:

- मंजूर नकाशाची प्रत, त्यावर मांडवाची जागा पेन्सिलने दाखवून
- प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा उतारा
- घरपट्टीची चालू पावती
- सोसायटी किंवा लेआउट असेल तर ना हरकत पत्र
- साधं रेखाचित्र: लांबी, रुंदी, उंची, हद्दीपासूनचं अंतर

उत्तर तोंडी घेऊन परत येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि शेजाऱ्यांशी आधी बोला. सामाईक भिंतीला खांब टेकवायचा नाही, भिंतीत क्लॅम्प ठोकायचा नाही आणि आपल्या छपराचं पाणी त्यांच्याकडे पडू द्यायचं नाही, एवढं आपणहून सांगितलं की पुढची कटकट टळते.

३. माप: ९ बाय १२ घ्या

सहा-सात माणसं बसायची असतील तर ९ फूट बाय १२ फूट पुरतं. हे माप मुद्दाम सुचवते. ९ आणि १२ च्या आयताचा कर्ण बरोबर १५ फूट येतो. गवंड्याचा तीन-चार-पाचचा नियम तोच, फक्त तिप्पट. दोन्ही कर्ण १५ भरले की चारही कोपरे काटकोनात, वेगळा हिशेब नको.

१२ फुटांची बाजू पूर्व-पश्चिम, ९ फुटांची दक्षिणोत्तर. उंची पूर्वेला साडेआठ फूट आणि पश्चिमेला साडेसात, म्हणजे १२ फुटांत १ फूट उतार. पश्चिमेचा काठ खाली आला की उन्हाची फट तेवढी लहान होते आणि पाणी एका बाजूला पळतं. त्याहून खाली घेऊ नका, वेल लोंबायला लागला की डोक्याला लागतो. भिंतीपासून १ फूट जागा मोकळी सोडा. तिचा उपयोग पुढे येतो.

४. लाकूड, बांबू की लोखंड

सागवान उत्तम, पण चांगल्या जुन्या लाकडाचा दर ऐकून बहुतेकांचा विचार बदलतो. स्वस्त लाकूड वाळवीच्या भागात थेट जमिनीत कधीही घालू नका. वापरायचंच तर खाली काँक्रीट, त्यावर लोखंडी बूट, म्हणजे खांबाचं टोक धरणारी खोबण, आणि लाकूड जमिनीच्या वर.

बांबू दिसायला सगळ्यात सुंदर. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू कीड धरत नाही, पण ही क्षारं पावसाच्या पाण्यात धुऊन जातात. म्हणून उघड्यावरच्या मांडवाला बांबू वापरला तर तीन-चार वर्षांनी बदलायची तयारी हवी. पश्चिमेच्या चटईला मात्र तो छान, कारण चटई बदलणं सोपं.

आम्ही लोखंडी चौकोनी पाइप घेतला:

- खांब: ७५ × ७५ मिमी, जाडी ३ मिमी
- लांब तुळया: १०० × ५० मिमी, जाडी ३ मिमी
- वरच्या पट्ट्या: १०० × २५ मिमी, जाडी १.६ ते २ मिमी, उभ्या बसवायच्या

कोकणात किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) किंवा ॲल्युमिनियम घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर विषारी असतो, काम मोकळ्या हवेतच करून घ्या. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे झिंकचा रंग पुन्हा लावावा लागतो.

५. आखणी

लागणारी हत्यारं: ५ मीटरचा आणि १५ मीटरचा टेप, लाइनदोरी, खुंट्या, ओळंबा, गुण्या, पारदर्शक नळीची पाणसळ, चुन्याची फक्की, पहार, टिकाव, फावडं, घमेली, धुम्मस. बहुतेक गवंड्याकडे असतं, पण टेप आणि ओळंबा स्वतःचे असू द्या. दुसऱ्याने घेतलेलं माप आपल्या हाताने पुन्हा तपासता येतं.

भिंत सरळ आहे असं धरून तिच्यापासून माप घेऊ नका. जुन्या कुंपणभिंती १२ फुटांत दोन-तीन इंच सरकलेल्या असतात. एक दोरी भिंतीकडून ताणा, बाकीचं सगळं त्या दोरीवरून मोजा, दोन्ही कर्ण १५ फूट येईपर्यंत खुंट्या हलवा, मग फक्की मारा.

६. खड्डे: इथे घाई करू नका

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आमच्या बागेत एप्रिलमध्ये भेगेत अख्खा तळवा उभा जातो. वरच्या थरात रोवलेला खांब दर वर्षी या मातीबरोबर थोडा वर-खाली होतो आणि एक खांब दुसऱ्यापेक्षा जास्त हलला की मांडव पिळवटतो. पहिल्या वेळी आमचा खांब कलला तो यामुळेच. वाळवी नंतर आली.

उपाय एकच, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. खड्डा दीड फूट बाय दीड फूट. आमच्याकडे तीन खड्ड्यांत सव्वातीन फुटांवर मुरूम लागला, चौथ्यात चार फुटांवर. मजूर म्हणाला, "ताई, तीन तर खाली गेल्यात, चौथा ऱ्हाऊ दे की एवढ्यावर." तिथे ऐकू नका. चौथाच खड्डा पुढे मांडव वाकवतो. तुमच्याकडे जांभा किंवा कातळ असेल तर अडीच फूट पुरे होतात. चार-साडेचार फुटांवरही काळी मातीच असेल तर अभियंत्याला बोलवा, तिथे साधा खड्डा चालत नाही.

तळाशी चार इंच दगडाची सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, ती ठोकून घट्ट. मग सळ्यांची जाळी आणि उभ्या सळ्या. काँक्रीट एकास दीड आणि तीन: सिमेंट १, वाळू दीड, खडी ३. घमेल्याने मोजून घाला, फावड्याने अंदाजे नको. चार खड्ड्यांना मिळून साधारण सात-आठ पिशव्या सिमेंट लागतं. पाणी कमी ठेवा. गवंड्याला पातळ मिश्रण ओतायला सोपं जातं, पण जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कमजोर होतं.

एका खड्ड्यातलं काँक्रीट अर्ध्या टनाच्या आसपास भरतं. एवढं वजन कशाला, असं लोक विचारतात. मांडवाच्या बाबतीत खाली दबण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती जास्त. वर शीट असलं की वळवाच्या वाऱ्यात ते शिडासारखं काम करतं आणि हे वजन त्याला जमिनीशी धरून ठेवतं.

काँक्रीट ओलं असतानाच १२ मिमीचे चार अँकर बोल्ट त्यात बसवायचे. इथे एक युक्ती उपयोगी पडते. बेस प्लेटच्या, म्हणजे खांबाच्या तळाला वेल्ड केलेल्या लोखंडी पत्रीच्या, भोकांशी जुळणारा प्लायवूडचा तुकडा आधी कापून घ्या, बोल्ट त्यात अडकवा आणि तुकड्यासकट काँक्रीटमध्ये बसवा. म्हणजे प्लेट आल्यावर भोकं जुळतातच. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर सहा इंच येऊ द्या. हे सहा इंच खांबाचं आयुष्य ठरवतात. माती आणि लोखंड जिथे भेटतात तिथे गंज लवकर धरतो. वरून गोणपाट गुंडाळा आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. त्याआधी खांब उभे करू नका.

७. सांगाडा आणि फॅब्रिकेटर

पैशांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. दर चौरस फुटावर ठरवला तर फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी सांगाडा करून देणाऱ्याला, पातळ पाइप वापरण्यात फायदा. दर किलोवर ठरवला तर जाड पाइपचं वजन लावून पातळ आणण्याची शक्यता. एका फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये आम्हाला ३ मिमी लिहून मिळालं आणि अंगणात उतरला तो २ मिमीचा पाइप. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, ७५ मिमीच. माझ्या भावाने कापलेल्या टोकाला कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, लावलं तेव्हा कळलं. विचारलं तर, "ताई, एवढी जाडी कशाला, नुसता मांडव तर हाय." माल परत पाठवला आणि काम दुसऱ्याला दिलं.

कॅलिपर नसेल तर वजन बघा. ७५ × ७५ चा ६ मीटरचा नग ३ मिमी जाडीचा असेल तर साधारण ४० किलो भरतो, २ मिमीचा असेल तर २७ च्या आसपास. वजनकाट्याची पावती मागा. अशा दोन नगांत चारही खांब निघतात, प्रत्येकातून एक उंच आणि एक बुटका. इथे रुपयांचे आकडे देत नाही, लोखंडाचा दर सतत बदलतो. वजन काढा, त्या दिवसाच्या दराने गुणा, मजुरी वेगळी लिहून घ्या.

काम चालू असताना या गोष्टी डोळ्यांखाली करून घ्या:

- पाइपची सगळी उघडी टोकं झाकणाने वेल्ड करून बंद. उघड्या टोकातून पाणी आत शिरतं आणि पाइप आतून कुजतो.
- खांबाच्या तळाशी एक बारीक भोक, चुकून शिरलेलं पाणी बाहेर यायला.
- वेल्डिंगचा मळ ठोकून काढणं आणि ग्राइंडर फिरवणं. मळावर मारलेला प्रायमर पहिल्या पावसात सुटतो.
- प्रायमरचे दोन हात जमिनीवर असतानाच, सगळ्या बाजूंनी. वर चढवल्यावर पट्टीच्या माथ्याला ब्रश पोचत नाही.
- खांब ओळंब्यात आला की दोन्ही बाजूंनी तपासा. उत्तरेकडून सरळ दिसणारा खांब पूर्वेकडून झुकलेला असू शकतो.

८. पट्ट्यांची दिशा

इंटरनेटवर वाचून बरेच जण पट्ट्या पूर्व-पश्चिम लावतात. तो सल्ला युरोपातल्या उन्हाचा आहे. तिथे दुपारचा सूर्य उन्हाळ्यातही दक्षिणेकडून तिरका येतो, म्हणून पूर्व-पश्चिम उभी पट्टी त्याला अडवते.

आपल्याकडे तसं नाही. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस सांगलीत ७ मेच्या आसपास येतो, पुण्यात १३ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे कमान धरून सरकतो. पट्ट्याही पूर्व-पश्चिमच असतील तर सूर्य त्यांच्या लांबीच्या रेषेत चालतो, सावली नेहमी पट्टीच्या खालीच राहते आणि फटींतून दिवसभर ऊन खाली उतरतं.

पट्ट्या दक्षिणोत्तर लावा. चार इंच उंचीची उभी पट्टी आणि मध्ये चार इंच मोकळी जागा. सूर्य ४५ अंशांच्या खाली आला की एका पट्टीची सावली पुढच्या पट्टीपर्यंत पोचते आणि वरून येणारं ऊन पूर्ण बंद होतं. मेमध्ये आमच्याकडे ही वेळ साडेतीन-पावणेचारची. सकाळीही तसंच. मधल्या वेळात थोडं ऊन खाली उतरतं, सगळ्यात जास्त भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हा मेमध्ये बागेत कोण बसतं? डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला ५० अंशांवर असतो, त्याचं ऊन याच फटींतून खाली येतं. थंडीत ते हवंच असतं. पट्ट्या आधी तारेने बांधून दोन दिवस सावली बघा, मग वेल्डिंग करा.

९. अर्धं छप्पर

सगळं झाकलं तर वेल चढत नाही, सगळं उघडं ठेवलं तर पावसात बसता येत नाही. आम्ही पश्चिमेचा ९ बाय ६ फुटांचा भाग, कट्ट्यावरचा, पॉलिकार्बोनेट शीटने झाकला आणि पूर्वेचा भाग पट्ट्यांचा ठेवला.

शीट बसवताना चार चुका हमखास होतात. एक, वरची-खालची बाजू उलटी लागते. अतिनील किरण अडवणारा थर एकाच बाजूला असतो, ती बाजू वर हवी. छापलेली फिल्म वाचल्याशिवाय काढू नका. दोन, शीटच्या आतल्या नळ्या उताराच्या दिशेने हव्यात, म्हणजे आत साचलेला दमटपणा खाली वाहून जातो. वरचं टोक पूर्ण बंद टेपने आणि खालचं छिद्रं असलेल्या टेपने झाका, नाहीतर आत शेवाळ धरतं. तीन, भोक स्क्रूच्या मापाचंच पाडलं जातं. पॉलिकार्बोनेट उन्हात फुगतं, दोन मीटरच्या शीटमध्ये थंडी-उन्हाळ्याच्या फरकाने पाच मिलिमीटर सहज. भोक स्क्रूपेक्षा तीन-चार मिमी मोठं ठेवा आणि रबराचा वॉशर लावा. चार, स्क्रू करकचून आवळले जातात. वॉशर चपटा होईपर्यंत आवळलं की शीट तिथेच तडकतं.

खालच्या काठाला पन्हळ लावा, आपल्या भिंतीच्या आत. ५४ चौरस फूट म्हणजे ५ चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला की त्यातून १०० लिटर पाणी उतरतं. ते भिंतीच्या पायात सोडू नका. आम्ही ते पाइपने पुढच्या आंब्याच्या आळ्यात नेलं आहे.

१०. खालची जमीन आणि कट्टा

फरशीच्या आधी वीज. दिव्याची वायर घालायचा पाइप फरशीखालून न्यायचा असतो हे बहुतेकांना फरशी बसल्यावर आठवतं. बागेतल्या लाइनला वेगळा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, त्यात तडजोड नको. दिवा पिवळसर घ्या, पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात.

काळी माती आठ इंच उकरून काढा, मुरूम टाका, पाणी मारून धुम्मस करा, वर दोन इंच कच आणि मग फरशी. आम्ही खडबडीत शहाबादी घेतली. पॉलिश केलेला कोटा पावसात निसरडा होतो, घरात वडीलधारी माणसं असतील तर तो नकोच. १२ फुटांत दीड इंच उतार बागेकडे द्या.

कट्टा एल आकाराचा, पश्चिम आणि दक्षिण बाजूंनी, विटांचा. उंची १७ इंच, बसण्याची खोली १८ इंच. गवंडी सवयीने घरासमोरच्या कट्ट्यासारखा दोन फूट उंच करतो. त्यावर पाय लोंबकळतात आणि अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. पाठीला १६ इंचांची टेकण, वरच्या बाजूला दोन-तीन इंच मागे झुकती. विटा रचण्याआधी नुसत्या कोरड्या मांडून घरातल्या सगळ्यांना बसवून बघा. माझ्या सासूबाईंनी बसून पाहिलं आणि, "उठताना हाताला काही तरी लागतं गं," म्हणाल्या. म्हणून एका टोकाला हात टेकायला विटांचा उंचवटा केला. आज तीच जागा सगळ्यांना हवी असते.

माथ्याला कडप्पा घालू नका. काळा दगड दुपारी तापतो तो दिवेलागणीपर्यंत निवत नाही. फिक्या रंगाचा दगड घ्या आणि तो पुढे इंचभर काढा. कट्ट्याचं बांधकाम खांबांच्या काँक्रीटला जोडू नका, मध्ये इंचभर फट ठेवा. माती हलते तेव्हा दोघांना आपापलं हलू द्यावं लागतं, नाहीतर तडे जातात.

११. पश्चिमेची बाजू

भिंतीपासून सोडलेली १ फुटाची पट्टी आठवते? ती वेलांची जागा. पश्चिमेच्या दोन खांबांमध्ये, तुळईपासून कट्ट्याच्या पाठीपर्यंत, फुटाफुटावर उभ्या तारा ताणा. तासगाव-मिरज भागात बाग काढलेल्या द्राक्षउत्पादकांकडे मांडवाच्या जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, तारा मिळतात, त्या या कामाला पुरून उरतात. तार ओढायचं मशीन त्यांच्याकडूनच दिवसभरासाठी मागून आणा. फार कसू नका, पातळ पाइप तारेच्या ओढीने आत वाकतो.

वेल भरायला दोन वर्षं लागतात. तोवर बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा. वाळ्यावर चार वाजता पाणी मारलं की आत येणाऱ्या वाऱ्याला जो वास येतो त्यासाठी तरी एक उन्हाळा पडदा लावावा. शेडनेट लावणार असाल तर ५० टक्क्यांचं घ्या आणि हुकावर अडकवा, गाठी मारू नका. आभाळ भरून आलं की एका हाताने ते काढता आलं पाहिजे. ताणून बांधलेलं नेट वादळात खांबांवर केवढा जोर टाकतं याचा अंदाज येत नाही.

१२. वेल

लावणी जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर. खड्डा खांबापासून दीड फूट लांब. काँक्रीटच्या कडेची माती चुन्याने भारलेली असते, तिथे मुळं रमत नाहीत.

पश्चिमेला मधुमालती. ऊन झेलते, लवकर भरते, फुलं पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होतात आणि संध्याकाळी वास येतो, म्हणजे आपण बसतो त्याच वेळी. तिला शीटवर चढू देऊ नका, पाल्याखाली शीट काळवंडतं. पट्ट्यांच्या उघड्या भागावर जुई, हलकी आणि पानं बारीक. संक्रांतवेल हवी असेल तर भरपूर उन्हाची जागा द्या. नारिंगी झुबके हिवाळ्यात अख्खा मांडव झाकतात. कृष्णकमळावर सुरवंट येतात, ते फुलपाखरांचेच असतात, पण कट्ट्याच्या डोक्यावर नको. बोगनवेल काट्यांमुळे बसायच्या जागी मला नकोशी वाटते, तिला फाटकावर जागा द्या.

पहिल्या वर्षी मांडव उघडाबोडका दिसतो म्हणून याच जूनमध्ये दोडक्याच्या आणि वालाच्या चार-चार बिया टोचा. गणपतीपर्यंत दोडका वर पोचतो आणि पट्ट्यांमधून खाली लोंबतो. कोवळे असताना काढा, कट्ट्यावर उभं राहिलं की हात पुरतो. कायमच्या वेलींना या पाल्याच्या भाराखाली ऊन मिळत राहील एवढं बघा. दसऱ्यानंतर दोडक्याचा वेल कापून खाली ओढा आणि तारेला गुंडाळलेले ताणे हाताने सोडवा, सुरीने नको, जुईचा कोवळा शेंडा सोबत कापला जातो.

त्याच वेळी शिडी लावून वर एकदा बघून घ्या. पन्हळीतला पाला काढा, वॉशर तपासा, बोल्टच्या नटांना पाना लावून पाहा आणि जिथे रंगाला फुगा दिसेल तिथे खरवडून प्रायमरचा हात द्या. आमच्या मांडवात पहिल्या वर्षी असे तीन फुगे निघाले, तिन्ही वेल्डिंगच्या जागी.